ऐंशी वेढे

आप्पा वेढे मोजायला बसले की कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्या घराचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की कुणी उघडलंच तर मोजणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, नुसतं एक बोट वर करायचं. बोट वर म्हणजे थांबा. मग समोर गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, नाहीतर आत दूध उतू जात असो.

घराला लागून पत्र्याची शेड होती नि शेडीत जळक्या मोटारी. विहिरींनी तळ गाठला की पंप पाण्याऐवजी वारा ओढतात आणि वारा ओढणारी मोटार तापून जळते. जगाला कोरड पडली की आप्पांच्या दारात गर्दी व्हायची. आप्पांना त्याचा आनंद नव्हता, पण दुसरा धंदाही नव्हता. जळालेली तार छिन्नीने तोडून काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या, लाकडी फर्म्यावर तांब्याच्या नव्या तारेच्या बारा कॉइल गुंडाळायच्या, त्या एकेक करून खाचांत बसवायच्या, वर वार्निश पाजायचं आणि मोटार उन्हात ठेवायची. एका कॉइलीत ऐंशी वेढे. मोजायला दोन वाट्या नि आठ गुंड्या. दहा वेढे झाले की एक गुंडी या वाटीतून त्या वाटीत. गुंड्यांची युक्ती आईची, म्हणजे आप्पांच्या बायकोची. ती रोज पहाटे माळ ओढायची आणि माळ पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. तिचं पाहून आप्पा शिकले.

सोमवारी दुपारी पोरगी कॉलेजातून घरी आली. तिला घरात थोरली म्हणत. धाकटी कुणी नव्हतीच. होईल या आशेवर नाव पडलं ते पडलं. बॅग खुंटीला अडकवताना तिने पाहिलं, आप्पांच्या डाव्या पंजाला फडकं गुंडाळलेलं आहे.

"छिन्नी निसटली," आप्पा म्हणाले. "चार दिवस मूठ वळायची नाही."

"आणि मोटारी?"

आप्पांनी शेडीकडे पाहिलं. तीन मोटारी ओळीत उभ्या होत्या. ते सहसा बोलायचेच नाहीत.

बॅगेत एक फॉर्म होता, चार घड्या घातलेला. तिसऱ्या वर्षाला एकच विषय घ्यायचा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र. तीन चौकोन, एक खूण. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कॉलेजात पोचता करायचा नि खाली जाड अक्षरांत छापलेलं, की नंतर बदल होणार नाही. वर्गातल्या बाकीच्यांनी फॉर्म मिळाला त्याच तासाला खुणा केल्या होत्या. हिचा पंधरा दिवस बॅगेत फिरत होता आणि घड्यांवर झिजायला लागला होता.

सरांना विचारलं तर सर म्हणाले, "तुला आतून काय वाटतं ते ऐक." तिने कान देऊन ऐकलं. आत पोटात कावळे ओरडत होते, बाकी काही नाही. आत्याने फोनवर सांगितलं, "ते सगळं सोड नि नर्सिंगला जा, लग्नालाही बरं पडतं." बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनेसुद्धा एक मत दिलं होतं. जगात मत नसलेला माणूस म्हणजे एक आप्पा आणि दुसरी ती स्वतः.

मंगळवारी सकाळी ती फर्म्यासमोर बसली. सातवीत असल्यापासून ती कॉइल गुंडाळत आली होती, त्यामुळे हाताला शिकवावं लागलं नाही. पहिली मोटार गोठेवाल्याची. त्याच्या दावणीला बारा म्हशी, म्हणून सगळे त्याला तोंडावरसुद्धा बाराम्हशी म्हणत. त्याला त्याचा अभिमान होता.

"मिस्त्री, उद्या संध्याकाळी मिळेल ना?" तो उंबऱ्यावर बसून होता. "हाताने ओढून ओढून माझ्या खांद्याचं भरीत झालंय."

"मिळेल," आप्पा म्हणाले.

"पोरगी घालणार तार?"

"तीच घालणार."

"मग कॉलेजात काय शिकवतात?"

थोरलीने एक बोट वर केलं. बाराम्हशी गप्प झाला. नियम त्यालाही माहीत होता.

आठ कॉइल झाल्या. पत्रा तापला, घाम भुवईतून डोळ्यांत उतरला, तारेने तर्जनीवर लाल रेघ काढली. नववीला हात घातला नि दारात फटफटी थांबली. मामा. मामा रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि घरी आला तरी पाळीवर आल्यासारखा यायचा.

"काय गं, काय ठरवलंस?"

तिने बोट वर केलं.

"बोट काय दाखवतेस? मी काय गिऱ्हाईक आहे? रसायन घे. आमच्या लॅबमध्ये दोन जागा निघणार आहेत. मी शब्द टाकून ठेवलाय."

तिचा उजवा हात फर्म्याची मूठ फिरवत होता. चोवीस, पंचवीस.

"ताई, बघ तुझी लेक! मामाशी बोलायचं नाही, इतकी मोठी झाली. अगं, पंधरा दिवस झाले. मुलं खूण करून मोकळी झाली नि तू अजून फॉर्म उबवत बसलीस. कोंबडी एकवीस दिवसांत पिल्लू काढते!"

"मामा, थांबा ना जरा."

"थांबून थांबून बस जाते. तुला आवडतं तरी काय ते सांग!"

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. वेढे, घाम, तार, सगळं तिने सोसलं असतं. हा एक प्रश्न तिला पंधरा दिवस गोमाशीसारखा चावत होता.

"मला काही आवडत नाही!" ती ओरडली. "कळलं? काही म्हणजे काही नाही! रसायन नको, फूलपान नको, नर्स नको! तुम्हाला तुमचा रंग आवडतो म्हणून गेलात का कारखान्यात?"

मामा चपापला. मग हसला. "मला कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

हात फिरतच होता. बोलता बोलता तिने एक गुंडी उचलून पलीकडे टाकली होती, की टाकणार होती? पलीकडच्या वाटीत पाच दिसत होत्या. चार असायला हव्या होत्या का? उलगडून पाहायला पाच मिनिटं लागली असती. पण आत मामा आईला सांगत होता, "पोर हातची जाणार बघ," आणि तिचे कान तिकडे होते. ती तशीच पुढे गेली. सहा, सात, आठ. कॉइल फर्म्यावरून उतरवून दोऱ्याने बांधली.

"मोजलेस ना?" आप्पांनी विचारलं.

"हो."

बुधवारी तिने बाराच्या बारा कॉइल खाचांत बसवल्या, बांबूच्या पट्टीने दाबून. वार्निश पाजलं. दिवसभर मोटार उन्हात राहिली. संध्याकाळी बाराम्हशी टेम्पो घेऊन हजर. लाइट नव्हती.

"चालवून बघितल्याशिवाय द्यायची नाही," आप्पा म्हणाले.

"लाइट आठला येणार नि दोन तासांत जाणार! तेवढ्यात हौद भरला नाही तर काय म्हशींना मोटारीचा फोटो दाखवू? विहिरीवरच बघतो. मिस्त्री, तुमच्या हाताखालून गेलेली मोटार आहे, अजून काय बघायचं?"

आप्पांनी लेकीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. टेम्पो गेला.

गुरुवारी उजाडता उजाडता तो परत आला. मोटार त्याने खाली ठेवली नाही, टाकली. जळक्या वार्निशचा वास आधी घरात शिरला, मग त्याचा आवाज.

"मिस्त्री! हे काय केलंत? वीस मिनिटं चालली नि धूर! बारा जनावरं रिकाम्या हौदाकडे बघतायत नि हौद माझ्याकडे!"

आईची माळ चालू होती. तिने मणी चिमटीत धरला आणि दारात येऊन उभी राहिली.

आप्पांनी मोटारीवर हात ठेवला. अजून कोमट होती. "माझ्याकडून चूक झाली," ते म्हणाले.

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्याकडून म्हणे! चिडायला, ओरडायला, एक शब्द टाकायला काय जातं या माणसाचं?

"तार मी घातली," ती म्हणाली. "वेढे माझेच चुकले असणार. मंगळवारीच शंका आली होती. मी उलगडलं नाही."

बाराम्हशीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वा! अभ्यास करायचा तिथं तार आणि तार घालायची तिथं अभ्यास. ना धड इकडची, ना धड तिकडची! अगं, एक काहीतरी कर आणि नीट कर!"

शेजारच्या ओट्यावर दात घासणारे दोघं थांबले होते. तोंडात फेस, पण कान रिकामे. तिला वाटलं, आता जमीन दुभंगली तरी आपण काही आत जाणार नाही, कारण तिथेही कुणीतरी विचारेल, काय ठरवलंस.

"आज भरायला घेतो. उद्या दुपारी चालवून, दाखवून मग देतो," आप्पा म्हणाले.

"तोवर पाणी?"

आईची माळ एवढ्यात पुरी झाली होती. "तोवर पाणी आम्ही आणून देतो," ती शांतपणे म्हणाली. "चल गं."

हातगाडीवर चार ड्रम चढवून मायलेकी सार्वजनिक टाकीवर गेल्या. टाकीपासून गोठा पाऊण मैल, त्यातला अर्धा चढ. गाडीचं एक चाक वाकडं होतं, दर चार पावलांना डावीकडे जायचं. थोरली पुढून ओढत होती, आई मागून ढकलत होती. पहिल्या खेपेला अर्धा ड्रम रस्ताच प्याला. गोठ्यात पोचल्यावर म्हशींनी मुंड्या हौदात घातल्या आणि थोरली डोळ्यांदेखत ते पाणी खाली जाताना बघत राहिली. एका म्हशीने नाकातून फुस्स करून तिच्या अंगावर शिंतोडे उडवले.

"हिलाही विचार, कुठला विषय घेऊ," ती आईला म्हणाली.

आई हसली नाही, पण तिचं तोंड हसायच्या बेतात आलं. तिसऱ्या खेपेला चढावर दोघी दम खायला थांबल्या. आईने पदराने तिचा चेहरा पुसला.

"माळ ओढताना कुणी हाक मारली, तर मी काय करते माहीत आहे?"

"बोलत नाहीस."

"कधी कधी बोलावं लागतं गं. घर आहे. पण मणी सोडत नाही. आणि सुटलाच, तर मेरुमण्यापासून पुन्हा. देवाला अंदाजपंचे चालत नाही असं नाही. मलाच नंतर झोप येत नाही."

"आई, उपदेश नको. आज नको."

"बरं," आई म्हणाली आणि गाडीला खांदा लावला.

सहा खेपा झाल्या. अकराला ती शेडीत येऊन बसली तेव्हा तळहात सोलवटले होते. आप्पांनी उजव्या हाताने जळकी मोटार उघडून ठेवली होती. तिने छिन्नी घेतली, कॉइली तोडून बाहेर काढल्या आणि आप्पांनी सांगायच्या आधीच एकेका कॉइलीच्या कापलेल्या तारा मोजायला लागली. ऐंशी. ऐंशी. ऐंशी. नववी काळी ठिक्कर होती. तिने दोनदा मोजली.

"सत्तर."

आप्पांनी मान हलवली.

"बाकीच्या अकरा बरोबर होत्या," ती म्हणाली. "एकीत दहा कमी, तर सगळी मोटार कशी जळते?"

"जळते."

"ते मला दिसतंय! का जळते?"

"मोटारीला जाणाऱ्या तिन्ही तारांवर करंट सारखा राहत नाही. तापते."

"सारखा का राहत नाही?"

आप्पांनी फडक्यातला पंजा गुडघ्यावर ठेवला. "ते मला नाही ठाऊक. माझ्या उस्तादाला नव्हतं. कमी पडले की जळते, एवढं खरं."

तिने हातातली जळकी कॉइल भुईवर आपटली. उठून खुंटीवरून बॅग घेतली, दुसऱ्या वर्षाचं पुस्तक काढलं आणि तारेच्या वेटोळ्याचं चित्र होतं ते पान उघडलं. चित्रात गोल, नेटके, सुबक असे तीन वेढे होते. बाजूला बाण. बाणाला अक्षर. कुठे काळं नाही, कुठे धूर नाही, कुणाची म्हैस तहानलेली नाही. खाली एक सूत्र होतं, जे तिने परीक्षेत दोनदा लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तिने ते पुन्हा वाचलं. त्यात वेढ्यांना एक अक्षर होतं. इतकी वर्षं ती वेढे गुंडाळत होती, ते अक्षरही पाठ होतं, आणि हे दोन्ही एकच आहेत हे आजवर कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती स्वतः कशी इतकी ठोंब, याचाही तिला राग आला. पण सूत्र वाचूनही नववीने बाकीच्या अकरांना का बुडवावं ते काही कळेना.

"आप्पा, तुम्ही कधीच काही बोलत नाही," ती पुस्तक मिटून म्हणाली. "साऱ्या गावाने सांगितलं मी काय करावं. तुम्ही एक शब्द नाही. तुम्हाला काही वाटतच नाही का?"

आप्पांनी नववी कॉइल भुईवरून उचलली.

"जळकी मोटार येते," ते म्हणाले. "मी जुने वेढे मोजतो आणि तेवढेच नवे घालतो. साठ असले तर साठ, ऐंशी तर ऐंशी. मला एवढंच येतं, थोरले. आधी कुणीतरी घातलेलं असतं, ते मी मोजतो." त्यांनी कॉइल तिच्यासमोर ठेवली. "तुझे जुने वेढे कुठे आहेत मोजायला? आपल्या घरातून त्या कॉलेजात कोण गेलंय? मी कशावरून सांगू? अंदाजाने सांगितलं नि जळली, तर?"

तिला वाटलं होतं, ते बोलले म्हणजे बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पण बापाला आपल्याविषयी काही वाटत नाही, हा एक काटा मात्र निघाला.

दुपारभर तिने बारा कॉइली गुंडाळल्या. एकदा शंका आली. तीस की चाळीस? तिने दात ओठ खाऊन सगळं उलगडलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. शुक्रवारी सकाळी खाचा भरल्या. वार्निश पाजून मोटार उन्हात ठेवली तेव्हा साडेअकरा झाले होते आणि बाराची बस होती.

"जा तू," आप्पा म्हणाले. "दोनला लाइट येईल. मी बघतो." ती फाटकापर्यंत गेली तशी त्यांनी मागून हाक मारली. "थोरले, काय ठरलं?"

तिने मागे न वळता एक बोट वर केलं. आप्पा थांबले.

कॉलेजाच्या खिडकीपुढे शेवटच्या दिवसाची रांग होती. पंखा होता, तो फक्त कारकुनावर. तिच्या पुढे अकरा जण. तळहात ठणकत होते, नखांत वार्निश होतं. पुढच्या मुलीने वास घेऊन दोन पावलं अंतर ठेवलं. सव्वादोनला फोन वाजला.

"चालू झाली," आईचा आवाज. "बाराम्हशी इथेच उभा आहे. आप्पांनी चिमट्याचं मीटर लावलं. तिन्ही तारांवर करंट सारखा. एक तास चालवून मगच देणार म्हणतात, आणि तो चक्क थांबलाय."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, पोरीला सांगा, हौद भरला तर मी काही बोललो नव्हतो."

"आणि न भरला तर?"

"ते तू आल्यावर बोलेल. जेवलीस का?"

तिने फोन खिशात टाकला, फॉर्म भिंतीवर धरला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. आवडतं काय, ते तिला अजूनही कुणी गळ्याला सुरी लावली असती तरी सांगता आलं नसतं. पण काल दुपारपासून ती नववी कॉइल डोक्यातून जात नव्हती. दहा वेढ्यांनी अकरा कॉइलींना का जाळावं? कुणी सांगत नव्हतं, पुस्तक सांगत नव्हतं, बापाला माहीत नव्हतं, नि हे असं असणं तिला खपत नव्हतं. तिने भौतिकशास्त्राच्या चौकोनात खूण केली. मामा आठवडाभर फोनवर ओरडणार होता. आत्या तर लग्नापर्यंत.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि शिक्का उचलला. सकाळपासून त्याने शेकडो मारले असतील. हात आपोआप खाली येत होता.

"नक्की ना? नंतर बदल नाही. सोमवारी रडत येतात सगळे. बोल लवकर, मागे रांग आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो ताई, आवरा की!"

थोरलीने एक बोट वर केलं. खिडकीच्या गजांतून हात घालून फॉर्म आपल्याकडे वळवला आणि वरच्या ओळीपासून वाचायला लागली. नाव. वडिलांचं नाव. व्यवसाय. पत्ता. तिची नजर एकेका ओळीवर थांबत, तिथून पुढे सरकत होती. मागे कुणीतरी चुकचुकलं. त्या खिडकीत आजवर कारकुनाला कुणी थांबवलं नव्हतं, आणि थांबलो तर काय करायचं असतं हे त्याला सुचेना. शिक्का हातात तसाच अधांतरी राहिला.

ती चौकोनापाशी पोचली. खूण एकदा पाहिली, आणखी एकदा पाहिली. मग बोट खाली घेतलं.

"हं," ती म्हणाली, "आता मारा."